मैदानाचा एक कोपरा बेसबॉलच्या मुलांना द्या

गोव्यातील तालुका क्रीडामैदानांचा कारभार पाहणारे अधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

या हंगामात एका तालुका मैदानावरचा शाळकरी मुलांचा बेसबॉलचा सराव बंद करण्यात आला. लेखी आदेश नाही, फाटकावर तोंडी निरोप मिळाला. कारणे तीन सांगितली गेली: चेंडू घातक आहे, गवत खराब होते आणि खेळणारी मुले मूठभर आहेत. बेसबॉल शिकवणारे प्रशिक्षक, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि या मुलांचे पालक असे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहीत आहोत. या मुलांना स्टेडियम नको आहे. फुटबॉलच्या मैदानाचा एक कोपरा त्यांना पुरतो. तो नाकारल्याने खेळ थांबत नाही. मुले शाळेमागच्या गडग्याशी जातात, कापणी झालेल्या शेतात जातात, आणि तिथे चुकीच्या अंतरावरून, हेल्मेट-जाळीशिवाय तोच खेळ खेळतात. आमची काळजी त्याची आहे.

पाचवीत ग्लोव्ह हातात चढवलेले मूल बारावीपर्यंत टिकले तर ८ वर्षे या खेळात असते. या ८ वर्षांत ते कोपर आणि खांदा वापरायला शिकते, एका नजरेत तीन बेस, म्हणजे धावणाऱ्याने ओळीने गाठायचे टप्पे, पाहायला शिकते, स्कोअरची वही भरायला शिकते. पुढे राज्याच्या संघात जायचे, राष्ट्रीय शालेय स्पर्धेत खेळायचे, शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची, पंच किंवा फिजिओथेरपिस्ट व्हायचे, अशी त्यांची स्वप्ने आहेत. ही स्वप्ने आवाक्यातली आहेत. त्यांच्या आड येणाऱ्या गोष्टी फार साध्या आहेत आणि त्या तुमच्या हातात आहेत.

आधी चेंडूबद्दल. बेसबॉलचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम असते. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे त्याहून जड. ज्या मैदानावर क्रिकेटचा लेदर बॉल चालतो तिथे वजनाचे कारण सांगून बेसबॉलला नाही म्हणता येत नाही. धोका आहे, हे मात्र आम्ही लपवत नाही. तो कुठे आहे तेवढे नीट पाहायला हवे. क्रिकेटमध्ये बहुतेक फटके जमिनीलगत जातात. बेसबॉलमध्ये बॅटच्या वरच्या कडेला लागलेला चेंडू मागे आणि बाजूला उडतो, म्हणजे नेमका जिथे पालक आणि वाट पाहणारी मुले बसलेली असतात तिथे. त्यामुळे होम प्लेटच्या, म्हणजे बॅटिंग करणारा ज्या पाटीशी उभा राहतो तिच्या, मागे आणि दोन्ही बाजूंना जाळी हवीच. ती ४ मीटर उंच असावी आणि तिची घरे ४५ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत. चेंडूचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर असल्याने घर मोठे असले तर जोराचा चेंडू त्यात अडकतो किंवा दोरा ताणून पलीकडे जातो. असे जाड नायलॉनचे जाळे गोव्यात नवीन नाही. मालिम किंवा कुटबणच्या मासेमारी जेटीवर जाळी विणणारे हात आहेत. ते कडेने दोर ओवून हवी तशी जाळी शिवून देऊ शकतात. नायलॉन उन्हात कुजते, म्हणून सराव संपला की जाळी उतरवून सावलीत ठेवायची. ती वर्षभर खांबांवर तशीच राहिली तर दिसायला शाबूत असते आणि पहिल्याच जोराच्या चेंडूला फाटते.

दुसरा धोका डोक्याला आणि छातीला. बॅटर, पुढचा बॅटर आणि तीन बेसवरचे तीन धावणारे अशी एका वेळी ५ मुले मैदानात बॅटिंगच्या बाजूने असतात. म्हणून दोन्ही कानांवर झाकण असलेली हेल्मेट किमान ६ लागतात. दोन हेल्मेटवर भागवणाऱ्या संघात धावणारे मूल उघड्या डोक्याने धावते, आणि सेकंड बेसवर होणारी फेक त्याच्या कानामागून येते. बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरला मास्क, गळ्याचे झाकण, चेस्ट गार्ड, शिनगार्ड आणि मुलांसाठी जांघेचा कप, हे सगळे हवे. यातला एकही भाग नसेल तर त्या दिवशी कॅचर बसवू नये. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी मऊ गाभ्याचे चेंडू मिळतात. वजन-आकार तोच असतो, मार कमी लागतो. छातीवर नको त्या क्षणी बसलेला फटका निरोगी मुलाच्या हृदयाचीही लय बिघडवू शकतो. अशा वेळी पहिली काही मिनिटेच मोलाची असतात. म्हणून सरावाच्या वेळी सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचा प्रथमोपचार, येणारी एक मोठी व्यक्ती मैदानावर असावी, आणि हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र असेल तर ते कुलूपबंद खोलीत नसावे. हा आग्रह आम्ही फुटबॉल आणि क्रिकेटसाठीही धरू.

आता गवत. इथे थोडे तपशिलात जातो, कारण कोपरा कसा पुरतो हे मोजूनच पटेल.

फुटबॉलचे मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बेसबॉलमध्ये बेसमधले अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर, आणि पिचरपासून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापासून, होम प्लेटपर्यंतचे अंतर ४६ फूट, म्हणजे १४.०२ मीटर असते. आउटफिल्डची, म्हणजे बेसच्या पलीकडच्या भागाची, हद्द २०० फुटांवर, म्हणजे सुमारे ६१ मीटरवर. नैऋत्येचा कोपरा घ्या. दोन्ही रेषांपासून ५-५ मीटर आत होम प्लेट ठेवा. गोलपोस्ट असलेल्या ६८ मीटरच्या बाजूने ६३ मीटर उरतात, लागतात ६१. मागे कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत तिरके ७ मीटर मिळतात, तिथे जाळी उभी राहते. एक इंच जागा वाढवायची गरज नाही.

नैऋत्यच का? बेसबॉलच्या नियमपुस्तकात होम प्लेटपासून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असणे इष्ट मानले आहे, म्हणजे मावळतीचे ऊन बॅटरच्या डोळ्यांत जात नाही. आपल्याकडे शाळा सुटल्यावर साडेचार-पाचला सराव सुरू होतो, तेव्हा ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. ऊन मग पिचरच्या डोळ्यांवर येते. त्यासाठी जाळीच्या वरच्या भागाला हिरवे शेडनेट बांधले की काम होते. एक अडचण राहते ती गोलच्या खांबाची. होम प्लेटपासून साधारण २५ मीटरवर, रेषेबाहेर ५ मीटरवर तो येतो, आणि वर पाहत रेषेबाहेर उडालेल्या (फाउल) चेंडूमागे धावणारा फर्स्ट बेसमन त्यावर आदळू शकतो. गोल हलवता येत असेल तर हलवावा, नाहीतर खांबाला ६ फूट उंचीपर्यंत फोम गुंडाळावा.

आखणीला दोन मोजपट्ट्या पुरतात. होम प्लेटच्या टोकापासून सेकंड बेसच्या मध्यापर्यंत २५.८७ मीटर मोजायचे. मग एक पट्टी होमवर आणि दुसरी सेकंडवर धरून दोन्हींवर १८.२९ जिथे जुळते तिथे उजवीकडे फर्स्ट, डावीकडे थर्ड. सातवी-आठवीची मुले हे पंधरा मिनिटांत करतात. पावले मोजून आखणी केली की चौकोन वाकडा होतो, आणि मुलांना खोट्या अंतराची सवय लागते.

गवत झिजते ते फक्त तीन ठिकाणी: बॅटर उभा राहतो तिथे, पिचरचा पुढचा पाय पडतो तिथे आणि बेसच्या भोवती. बॅटरच्या जागी रबरी मॅट घालावी. बेस जमिनीत न ठोकता रबराचे सपाट ठेवावेत. ते सरकतात, म्हणून सरावात डोके पुढे टाकून घसरायला बंदी असावी. धातूच्या स्पाइक्स आम्ही शाळकरी मुलांना घालूच देत नाही. रबरी तळव्याच्या बुटांनी फुटबॉलच्या स्टडपेक्षा जास्त नुकसान होत नाही.

राहिला माउंड, म्हणजे पिचरचा उंचवटा. फुटबॉलच्या मैदानात मातीचा उंचवटा करा असे कोणी म्हणणार नाही. पण सपाट जमिनीवरून सतत फेकायला लावणेही बरे नाही, कारण सामना उतारावरून खेळला जातो आणि पाय टाकण्याची लय बदलली की भार हातावर येतो. यावर सोपा उपाय लाकडाचा आहे. ८ बाय ४ फुटांच्या जलरोधक प्लायवूडच्या एका पाटीत मुलांचा माउंड बसतो. मागचे २ फूट सपाट, ६ इंच उंच. पुढचे ६ फूट उताराचे, दर फुटाला १ इंच. म्हणजे टोकाला उंची शून्य. पिचरची रबरी पट्टी ६ इंच रुंद असते. ती सपाट भागात अशी बसवायची की तिच्या पुढे ६ इंच सपाट जागा उरेल आणि मग उतार लागेल. खाली दर फुटावर आडवे लाकूड हवे, नाहीतर प्लायवूड मधोमध दबते आणि पाय मुरगळतो. वर कृत्रिम गवताचा तुकडा. चार मुले तो उचलून भिंतीला लावून ठेवतात. गावचा सुतार दोन दिवसांत हे करून देईल. नकार देणाऱ्यांपैकी कोणी हे विचारले असते तर आम्ही तेव्हाच दाखवले असते.

१३-१४ वर्षांच्या मुलांना यानंतर ५० आणि ७० फुटांचे मधले अंतर मिळायला हवे, म्हणजे पिचिंग १५.२४ मीटर आणि बेस २१.३४ मीटर. मोठ्यांचे अंतर १८.४४ आणि २७.४३. आपल्याकडे मधली पायरीच गाळली जाते. सहावीतल्या मुलाला थेट मोठ्यांच्या अंतरावर उभे करतात, चेंडू पोहोचत नाही, मग ते अंग मागे झुकवून कोपर खाली ठेवून फेकते. दोन महिन्यांत कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागते.

आमची सर्वांत मोठी तक्रार इथेच आहे, आणि मैदान बंद करणाऱ्यांच्या तीन कारणांत तिचा उल्लेखसुद्धा नव्हता. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचे हाड अजून कूर्चेने जोडलेले असते. सततच्या फेकीने ती ओढली जाते. वय वाढल्यावर तोच ताण लिगामेंटवर, म्हणजे हाडे जोडणाऱ्या बंधावर, येतो. त्याच्या दुरुस्तीची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर केली, आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. व्यावसायिक खेळाडूला अशी शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचा वर्षभराचा आराम परवडतो. पेडण्यातल्या किंवा सत्तरीतल्या दहावीच्या मुलाला तो परवडत नाही, आणि त्याला त्याची गरजही पडू नये.

फेकी मोजणे हा त्यावरचा उपाय, आणि त्याला एक वही पुरते. अमेरिकेत मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉल लीगने आणि तिथल्या राष्ट्रीय संघटनेने घालून दिलेल्या मर्यादा अशा आहेत: ११-१२ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ८५ फेकी, १३ ते १६ साठी ९५. विश्रांतीचा हिशेब १३-१४ वयासाठी असा: २० पर्यंत फेकी झाल्या तर दुसऱ्या दिवशी चालेल. २१ ते ३५ झाल्या तर १ दिवस, ३६ ते ५० ला २ दिवस, ५१ ते ६५ ला ३ दिवस आणि ६६ च्या पुढे ४ दिवस. आमची मुले आठवड्यातून दोनदाच खेळतात, त्यांच्या हातांना इतकी सवय नसते. त्यामुळे १४ खालच्या मुलांसाठी ६० च्या वर जाऊ नये, असे आमचे मत आहे. पिचिंग केलेल्या मुलाला त्याच दिवशी कॅचर करू नये. आधी फास्टबॉल (वेगाचा चेंडू) आणि चेंजअप (तशाच हालचालीतून टाकलेला संथ चेंडू), वळणारे चेंडू नंतर. पण आपल्याकडच्या शालेय स्पर्धा दोन दिवसांत उरकल्या जातात. एकच मूल सकाळी, दुपारी आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात पिचिंग करते. संघ जिंकतो, करंडक मुख्याध्यापकांच्या कार्यालयात जातो, आणि ते मूल पुढच्या वर्षी खेळत नाही.

याच मार्गदर्शनात वर्षातून किमान ४ महिने फेकण्यापासून पूर्ण सुटी घ्या, त्यातले २-३ महिने सलग, असेही सांगितले आहे. गोव्याचा पाऊस आपल्याला ही सुटी आयती देतो. जून ते सप्टेंबर शाळेच्या सभागृहात टी (चेंडू ठेवायचा उभा दांडा) आणि जाळी लावून बॅटिंग करावी, पायांचा आणि पाठीचा व्यायाम करावा, हाताला आराम द्यावा. याच काळात ग्लोव्ह सांभाळायचे. आपल्या दमट हवेत कपाटात बंद ठेवलेल्या चामड्याला पंधरा दिवसांत बुरशी येते. कोरड्या कापडाने पुसून पंख्याखाली ठेवावे, उन्हात वाळवू नये, चामडे तडकते. अडचण चतुर्थीनंतर येते. पाऊस ओसरतो न ओसरतो तोच निवड चाचणी लागते, आणि तारीख चार दिवस आधी कळते. चार महिने थंड असलेला हात चार दिवसांत तयार होत नाही. १० मीटरपासून सुरुवात करून, आठवड्यातून तीन दिवस, अंतर हळूहळू वाढवत माउंडवर यायला किमान ५-६ आठवडे लागतात. घाईत फेकलेली पहिली जोराची फेक कित्येक खांद्यांना पुरे होते.

मुले मूठभर आहेत, हे तिसरे कारण. जागा नसलेल्या खेळात मुले येणार कुठून? रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ मध्ये केवळ हाताच्या वेगावर बेसबॉलसाठी त्यांची निवड झाली आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाने त्यांच्याशी करार केला. आपल्या वाड्यावाड्यांत सीमारेषेवरून थेट यष्टीवर फेकणारी मुले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी बेसबॉल-सॉफ्टबॉलला मान्यता मिळाली, क्रिकेटबरोबरच. तिथे बेसबॉलचे फक्त ६ संघ असतील. भारत त्यांत असेल असे सांगून आम्ही कोणाला भुलवणार नाही. पण आशियाई क्रीडा स्पर्धेत हा खेळ आहे, महिलांच्या आशियाई करंडकात भारताच्या मुली खेळल्या आहेत, आणि परदेशी महाविद्यालयांचे दरवाजेही काहींना दिसतात. ते प्रशिक्षक चित्रफीत मागतात, ६० यार्ड धावण्याची वेळ मागतात, आणि कॅचरचा चेंडू ३८.८ मीटरवरच्या सेकंड बेसला किती सेकंदांत पोहोचतो ते विचारतात. चांगल्या कॅचरला सुमारे २ सेकंद लागतात. पूर्ण मापाचा चौकोन ज्याने कधी पाहिलाच नाही, तो ही वेळ मोजणार कुठे?

म्हणून आम्ही मागतो ते हे.

प्रत्येक तालुक्यात एका मैदानाचा नैऋत्य कोपरा आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी बेसबॉल-सॉफ्टबॉलसाठी राखून द्या, लेखी, वर्षभराच्या वेळापत्रकासह. दोन्ही खेळांचे बेस लहान वयात ६० फुटांवरच असतात, त्यामुळे मुलींचा सॉफ्टबॉलचा संघही त्याच आखणीवर खेळेल. उत्तर आणि दक्षिण गोव्यात मिळून निदान एका मोठ्या मैदानावर महिन्यातून एक रविवार पूर्ण मापाचा चौकोन आखू द्या. २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्या निमित्ताने सुधारलेली मैदाने आहेत.

१५ मुलांच्या एका संघाला लागणारे साहित्य तालुक्याच्या पातळीवर घ्या, म्हणजे शाळा ते आळीपाळीने वापरतील: ग्लोव्ह १५, त्यांत डावखुऱ्यांसाठी किमान २, कॅचरचे पूर्ण संच २, हेल्मेट ६, बॅट ४, चेंडू ३ डझन, रबरी बेसचा संच १, टी २, जाळी आणि लाकडी माउंड. डावखुऱ्यांचे ग्लोव्ह खरेदीत नेहमी विसरले जातात, आणि डावखुरे मूल उलटा ग्लोव्ह घालून काही दिवसांत खेळ सोडते. साहित्य मैदानावरच ठेवायला एक कुलपाची, हवेशीर खोली द्या. काणकोण-सांग्याची मुले कदंबाच्या सरकारी बसमध्ये बॅटची पिशवी घेऊन उभी राहू शकत नाहीत.

प्रत्येक शालेय सामन्यात फेकींची नोंद सक्तीची करा. वही दोन्ही संघांच्या शिक्षकांनी सही करून पंचांकडे द्यावी, आणि मर्यादा ओलांडली की पंचांनी पिचर बदलायला लावावा. निवड चाचणीची तारीख किमान ४५ दिवस आधी जाहीर करा. क्रीडा गुणांसाठी कोणते खेळ, कोणती स्पर्धा आणि कोणते प्रमाणपत्र चालते, ते शाळेचे वर्ष सुरू होतानाच प्रत्येक शाळेच्या फलकावर लागू द्या, म्हणजे दहावीच्या वर्षात मुलांना खेळ की गुण असा प्रश्न पडणार नाही. आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी वर्षातून एकदा दोन दिवसांचे शिबिर भरवा: एक दिवस पंचगिरीचा आणि स्कोअरिंगचा, एक दिवस हाताच्या दुखापतींचा.

बंद केलेल्या मैदानाबाबत आमची मागणी वेगळी आणि तातडीची आहे. तोंडी निरोप मागे घ्या, किंवा कारणांसह लेखी द्या. मैदानाची वेळ ठरवून आम्हांला बोलवा. दोन मोजपट्ट्या, चुना, जाळी आणि लाकडी माउंड घेऊन आम्ही येऊ आणि तुमच्यासमोर कोपरा आखून दाखवू. फुटबॉलच्या प्रशिक्षकांनाही त्या वेळी बोलवा, त्यांच्या शंका तिथेच मैदानावर सोडवू.

आपले,
गोव्यातील शालेय बेसबॉलचे प्रशिक्षक, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि पालक